आप्पांचा पत्त्यांचा नाद आणि पार्किन्सनच्या गोळ्या, काही संबंध असतो का?

अनेरकाठ, चोपडा तालुका

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच मांडतो. आमचे आप्पा ६१ वर्षांचे, केळी आणि थोडा कापूस, आयुष्य शेतात गेलं. काही वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, चाल बसली, सही करता येईना, मग जळगावला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं तर पार्किन्सन निघाला. लेवोडोपाची गोळी सुरू झाली आणि तिच्यासोबत प्रामिपेक्सोल म्हणून दुसरी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या थंडीत त्या दुसऱ्या गोळीची पॉवर वाढवली आणि खरं सांगतो खूप फरक पडला, आप्पा स्वतः चालत बाजारात जायला लागले, आईने सुटकेचा श्वास सोडला.

आता आखाजीला आपल्याकडे पत्ते बसतात हे तुम्हाला सांगायला नको, पारावर, मारुतीच्या मंदिरामागे, सगळे बसतात आणि दोन-तीन दिवसात उठतात. आप्पाही दर वर्षी बसायचे, दहा-वीस रुपयांचा डाव, हरले की हसत घरी. त्या वर्षी ते उठलेच नाहीत. गावातला डाव संपला तर दुसऱ्या गावात जायला लागले, मग कोणीतरी फोनवर रम्मी घालून दिली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले, म्हटलं चला सुटलो, तर आप्पा आकड्यावर, म्हणजे मटक्यावर गेले. केळीची पट्टी, म्हणजे माल विकल्याचे पैसे, हातात आली की संध्याकाळपर्यंत अर्धी गायब. परवा कळलं की आईची गळ्यातली पोत सराफाकडे गहाण आहे. ज्या माणसाने आयुष्यात कोणाची उधारी ठेवली नाही त्याने आईला खोटं सांगून पोत नेली, हे मला अजून पचत नाही.

अजून दोन गोष्टी. रात्री उठून मोटरचा स्टार्टर खोलून बसतात, सगळे स्क्रू एका ताटात मांडतात, परत लावतात, परत खोलतात, काही बिघडलेलं नसतं. आणि गोड खूप खायला लागलेत, जिलेबी आणली की घरच्यांसाठी उरत नाही.

गावात कोणी म्हणतं म्हातारचळ, कोणी म्हणतं बाहेरचं काही आहे. धाकटा भाऊ पेटलाय, त्याला मेडिकलवाल्या मित्राने सांगितलं की ही त्या गोळीची करामत आहे, तर तो म्हणतो उद्यापासून सगळ्या गोळ्या बंद. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, एक म्हणजे गोळीने असं खरंच होतं का, दुसरं म्हणजे ती एकदम बंद केली तर चालेल का, आणि तिसरं, जुगाराची इच्छा मारणारी काही गोळी असते का. कोणाच्या घरात असं झालं असेल तर कृपया लिहा.

शेंदुर्णीचा पाटील

भाऊ वाचून वाईट वाटलं. पण माझं मत स्पष्ट सांगतो, गोळीने कोणी जुगारी होत नाही. हा नाद असतो, एकदा रक्तात गेला की जात नाही. आमच्या भाऊबंदकीत एकाची आठ एकर गेली, त्याला कुठली गोळी चालू होती? आप्पांकडून फोन काढून घ्या, पट्टी तुमच्या नावाने करा आणि मनुदेवीला नेऊन शपथ घाला. जुन्या माणसाला देवाची शपथ लागते. तुमच्या आईसाठी जीव तुटतो म्हणून लिहिलं.

धुळ्याची डॉक्टर

अनेरकाठ भाऊ, मी धुळ्याला मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तेच आज लागणार आहे: भावाला गोळ्या बंद करू देऊ नका. लेवोडोपा एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, ताप चढतो, माणूस भ्रमात जातो आणि जिवावर बेतू शकतं. प्रामिपेक्सोल एकदम थांबवली तर प्रचंड अस्वस्थता, घाम, घबराट, उदासी आणि परत ती गोळी मिळावी म्हणून तगमग, असं काहींना होतं. गोळी बदलायची आहेच, पण ती न्यूरोच्या डॉक्टरांनी पायरी-पायरीने उतरवायची. या आठवड्यातली वेळ घ्या आणि वेळ घेताना फोनवरच सांगा की जुगार सुरू झालाय, म्हणजे ते पुढची तारीख देणार नाहीत.

आता पहिला प्रश्न. हो, गोळीने असं होतं, आणि हे काही नवीन शोधलेलं नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सनचे ११ पेशंट लिहून काढले ज्यांना अचानक जुगार लागला होता, त्यातले ९ प्रामिपेक्सोलवर होते. मग २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांवरचा मोठा अभ्यास आला, ३०९० पेशंट. त्यात १३.६ टक्क्यांना कुठला ना कुठला आवेगाचा, म्हणजे ओढ आवरता न येण्याचा, त्रास होता. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. जुगार ५ टक्के, विनाकारण खरेदी ५.७, खाण्यावरचा ताबा सुटणं ४.३ आणि लैंगिक इच्छा बेसुमार वाढणं ३.५ टक्के. तुम्ही जिलेबीचं लिहिलंत ना, ते याच यादीतलं आहे, त्यामुळे ती वेगळी गोष्ट समजू नका.

का होतं ते सांगते. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या एका भागातल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, त्या भागाकडे शरीराची हालचाल असते, म्हणून हात थरथरतो, चाल बसते. पण बक्षीस मिळाल्यावर बरं वाटणं, 'अजून एकदा' वाटणं, हे डोपामिनच्या दुसऱ्या वाटेवर चालतं आणि ती वाट या आजारात बरीच शाबूत असते. प्रामिपेक्सोल डोपामिनचं सोंग घेऊन थेट रिसेप्टरवर, म्हणजे डोपामिन जिथे बसतं त्या जागेवर, बसते, आणि तिचा ओढा डी-३ नावाच्या रिसेप्टरकडे जास्त, जे नेमके या बक्षिसाच्या वाटेवर भरपूर आहेत. म्हणजे कोरड्या शेतापर्यंत पाणी पोचावं म्हणून पाटाला पाणी वाढवलं आणि शेजारचं आधीच भिजलेलं शेत बुडालं, असं काहीसं. हात सुधारला आणि जुगार लागला, हे दोन्ही एकाच गोळीचं काम आहे. म्हणून पाटील दादा, तुमच्या भाऊबंदाची गोष्ट खरी आहे, गोळीशिवायही जुगाराचा आजार होतोच, पण आप्पांना शपथ घालून उपयोग नाही. ते शपथ मनापासून घेतील आणि संध्याकाळी मोडतील, मग स्वतःच्या नजरेतून उतरतील, आणि या आजारात उदासी आधीच असते त्यात ही भर नको.

स्टार्टर खोलून परत लावणं, याला पंडिंग म्हणतात. काही बिघडलेलं नसताना तेच तेच काम तासन्‌तास करत राहणं. तेही डोपामिनच्या औषधांशी जोडलेलं आहे, डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण बहुतेक घरचे हे सांगतच नाहीत, त्यांना वाटतं म्हातारा माणूस आहे, काहीतरी करत बसलाय.

आणि एक अवघड गोष्ट लिहिते, रागवू नका. आईशी कोणीतरी बाईमाणसाने, बहिणीने किंवा तुमच्या बायकोने, एकटं बसून बोला. आईला रात्रीचा काही त्रास होतोय का ते विचारा. या वयाच्या बाया हे कोणालाच सांगत नाहीत, मुलाला तर नाहीच, आणि माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत हे शेवटी कळलं.

तिसऱ्या प्रश्नावर रात्री लिहिते, ओपीडी आहे.

शेंदुर्णीचा पाटील

डॉक्टर ताई हे मला माहीत नव्हतं. गोळीचं एवढं असतं तर चिठ्ठी देताना सांगत का नाहीत?

मेडिकलवाला, नंदुरबार

पाटील भाऊ, काही डॉक्टर सांगतात, पण त्या वेळी घरच्यांचं सगळं लक्ष थरथरीकडे असतं, 'जुगार, खरेदी वाढली तर कळवा' हे वाक्य कानावरून जातं. माझ्याकडे या गोळ्या न्यायला कोणी आलं की मी आता सोबतच्या माणसाला सांगतो, पेशंटला नाही, कारण पेशंटला स्वतःला त्यात वावगं वाटत नाही. आणि अनेरकाठ भाऊ, तुमच्या भावाच्या मित्राने ओळखलं ते बरोबरच, पण बंद करा म्हणणं हे आमचं काम नाही. आम्ही फक्त म्हणायचं डॉक्टरांना विचारा.

अजून एक, ही गोळी पायांची तळमळ म्हणजे रात्री पाय वळवळतात त्यालाही देतात, कमी पॉवरमध्ये. त्यांच्यातही असं होऊ शकतं. ज्यांच्या घरात कोणी घेत असेल त्यांनी डोळे उघडे ठेवा.

भुसावळची लेक

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय, विषय थोडा वेगळा आहे पण मला वाटतं याच घरातला आहे. मला केस उपटायची सवय आहे, सवय म्हणू की आजार ते तुम्हीच ठरवा, शाळेत असल्यापासून. वडील रेल्वेत, क्वार्टरमध्ये राहायचो, अभ्यासाला बसले की हात डोक्यात. आईने तेल लावून बघितलं, टक्कल केलं, बोटांना पट्ट्या बांधल्या, सगळं झालं. लग्नाच्या वेळी ओढणी पुढे घेऊन फोटो काढलेत. लोकांना वाटतं ही मुद्दाम करते. मुद्दाम नाही हो, हात कधी गेला ते कळत नाही, आणि कळलं तरी तो एक केस निघेपर्यंत छातीत जे होतं ते निघाल्यावरच शांत होतं.

मला आधी फ्लुओक्सेटिन म्हणजे उदासीवरची गोळी दिली होती, तिने माझं रडणं कमी झालं पण केस उपटणं तसंच. नंतरच्या डॉक्टरांनी एन-ॲसिटिलसिस्टीन दिली, जी पॅरासिटामॉल जास्त घेतल्यावर देतात आणि कफ पातळ करायलाही देतात तीच. त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं होतं की २००९ मध्ये ५० जणांवर १२ आठवडे अभ्यास झाला, गोळी घेणाऱ्यांत ५६ टक्के बरेच सुधारले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १६ टक्के. पण त्यांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं की २०१३ ला लहान मुलांवर करून बघितलं तर तसा फायदा दिसला नाही. माझ्या बाबतीत गोळीने तो जोर कमी झाला एवढंच, हात थांबवायला शिकवलं ते समुपदेशक ताईंनी. हात वर जायला लागला की मूठ घट्ट आवळून धरायची, जोर ओसरेपर्यंत. कोणत्या वेळी, कुठे बसल्यावर हात जातो ते वहीत लिहायचं. ही पद्धत १९७३ पासूनची आहे म्हणे. ऐकायला फालतू वाटते पण मला तिनेच हात दिला. भांग पाडता येतो आता मला. एवढंच सांगायचं होतं, आप्पांना ओरडू नका.

धुळ्याची डॉक्टर

भुसावळच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही अभ्यास सांगितले हे मला आवडलं, एकच बाजू सांगणारे बरेच असतात.

आता औषधांचं. 'आवेग आवरता न येणं' हे एका आजाराचं नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, या गटात चार ठेवलेत: गरज नसताना चोरी करण्याची ओढ म्हणजे क्लेप्टोमेनिया, आग लावण्याची ओढ, लैंगिक वागण्यावरचा ताबा जाणं आणि स्फोटासारखा राग. जुगार आता व्यसनांच्या गटात आहे, केस उपटणं ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, शेजारी. गट बदलला म्हणून त्रास बदलत नाही, पण औषध निवडताना फरक पडतो, कारण एकच गोळी सगळ्यांना चालत नाही. जुगाराच्या आजारासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. आम्ही जी वापरतो ती दुसऱ्या आजारांची औषधं आहेत जी इथे काहींना उपयोगी पडतात, आणि हे पेशंटला आधी सांगायला हवं.

त्यात सगळ्यात जास्त पुरावा नाल्ट्रेक्सोनचा. ही मुळात अफूच्या आणि दारूच्या व्यसनाची गोळी. जिंकल्यावर किंवा चोरी साधल्यावर मेंदूत जी लहर उठते तिला ती बोथट करते, म्हणून ओढ कमी होते. क्लेप्टोमेनियावर २००९ मध्ये २५ जणांवर ८ आठवडे अभ्यास झाला, त्यात चोरीची ओढ आणि चोरी दोन्ही नाल्ट्रेक्सोनवाल्यांत स्पष्ट कमी झाली. संख्या लहान आहे, पण त्या आजारात एवढाही पुरावा दुसऱ्या कुठल्या औषधाचा नाही. जुगारात ज्यांच्या घरात दारूचा इतिहास आहे आणि ज्यांना ओढ फार तीव्र असते त्यांना ती जास्त लागू पडते असा अनुभव आहे. तिच्यासाठी लिव्हरची रक्त तपासणी आधी आणि मध्ये मध्ये करावी लागते. ज्यांना जुगारासोबत मूड चढ-उतार होणारा आजार आहे त्यांना लिथियमचा विचार होतो.

आप्पांना मात्र नाल्ट्रेक्सोन हे पहिलं पाऊल नाही. पार्किन्सनमधल्या या त्रासावर तिचा अभ्यास झालाय, ५० जणांवर, त्यात डॉक्टरांच्या मोजमापात ठळक फरक आला नाही, पेशंटनी भरलेल्या प्रश्नावलीत मात्र सुधारणा दिसली. पहिलं पाऊल म्हणजे प्रामिपेक्सोल हळूहळू कमी करणं आणि लेवोडोपाचं गणित परत मांडणं, हे न्यूरोवाल्यांचं काम. बऱ्याच जणांत एवढ्यानेच जुगार ओसरतो. आणि कोणी 'डोकं शांत करायची गोळी' म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन लिहून दिली तर ती सुरू करण्याआधी न्यूरोवाल्यांना फोन करा, या गोळ्या डोपामिन अडवतात आणि पार्किन्सन बिघडवतात. गरज पडलीच तर या आजारात चालणाऱ्या क्वेटियापिन, क्लोझापिन या वेगळ्या आहेत.

मेडिकलवाला, नंदुरबार

ताईंच्या बोलण्यात एक जोडतो कारण आमच्या भागात हे फार चालतं. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याने ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, घ्यायची नाही. गुडघे दुखतात, कंबर दुखते म्हणून कोणी ट्रॅमाडॉलवर असेल आणि वरून नाल्ट्रेक्सोन पडली तर अंग तुटल्यासारखं होतं, उलट्या, जुलाब, फार हाल होतात. कोडीनचं खोकल्याचं औषधही त्यातच आलं. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचंच, नाहीतर दुखण्याचं इंजेक्शन लागू पडणार नाही.

शिरपूरची वहिनी

डॉक्टर ताई, स्फोटासारखा राग म्हणालात ते माझ्या घरात आहे, माझ्या मालकांचं. ताटात मीठ कमी पडलं, लेकराने मोबाईलचा आवाज मोठा केला, एवढ्यावरून भांडी भिंतीवर. टीव्ही फोडला, मोटरसायकलवर दगड घातला, नंतर तासाभराने स्वतःच रडतात, पाया पडतात. दारू पीत नाहीत. सासूबाई म्हणतात त्याचा बाप पण असाच होता, स्वभाव आहे. याला गोळी असते?

धुळ्याची डॉक्टर

वहिनी, असते, पण आधी एक सांगते. ते रडतात, पाया पडतात, म्हणून तुम्ही आणि लेकरं सुरक्षित आहात असं होत नाही. हात उचलला तर ११२ ला किंवा १८१ ला फोन करायचा, आजार आहे म्हणून सहन करायचं नाही. घरातल्या जड वस्तू, कोयता, विळा समोर राहू देऊ नका, आणि ते शांत असतील तेव्हा बोला, भडकलेले असताना नाही.

औषधात फ्लुओक्सेटिनचा पुरावा बरा आहे, २००९ मध्ये १०० जणांवर अभ्यास झाला, रागाचे झटके आणि चिडचिड कमी झाली, पण पूर्णपणे थांबले असे निम्म्याहून कमीच. म्हणजे गोळी एकटी पुरत नाही, रागाच्या वेळी काय करायचं हे शिकवणारं समुपदेशन सोबत लागतं. गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडू नका. आणि डॉक्टरांनी आधी डोक्याला मार लागला होता का, फिट येते का, मूडचा दुसरा आजार आहे का हे बघायला हवं, कारण मूडचा आजार असेल तर फ्लुओक्सेटिनने उलटं बिघडू शकतं. त्यांना 'वेडाच्या डॉक्टरकडे चल' म्हणू नका, 'नंतर तुम्हाला किती त्रास होतो ते मला बघवत नाही' म्हणा. नंतर रडणारा माणूस बहुतेक वेळा यायला तयार होतो.

शिरपूरहून धुळ्याला हिरे मेडिकलला मानसोपचार विभाग आहे, सरकारी आहे. जळगावला सिव्हिललाही सोय आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही केला तरी चालतो.

वरणगावकर

माझ्या चुलतभावाला अरिपिप्राझोल ही मानसिक आजाराची गोळी चालू आहे आणि तो ऑनलाइन मागवत सुटलाय, एकच मिक्सर दोनदा. हे पण त्यातलंच का?

धुळ्याची डॉक्टर

असू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये या औषधासाठी असा इशारा दिलाय, जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा हेच चार. नेहमी होतं असं नाही, कमी जणांत होतं, आणि पॉवर कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर जातं. त्याच्या डॉक्टरांना सांगा, स्वतःहून थांबवू नका. मात्र मूड चढलेला असेल तरीही माणूस अशीच खरेदी करतो, झोप कमी झालीय का, बडबड वाढलीय का ते पण बघून सांगा, कारण तसं असेल तर औषध कमी करणं उलटं ठरतं.

अनेरकाठ, चोपडा तालुका

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. न्यूरोच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आप्पांना बाहेर बसवून मी आधी सगळं सांगितलं, मग त्यांनी आप्पांना आत बोलावून एकदम सरळ विचारलं की 'आप्पा, ही गोळी काहींना जुगाराकडे ओढते, तुमचं तसं झालंय का?' आणि आप्पा रडायला लागले. म्हणाले मला कळतं पण पाय तिकडेच जातात, मला वाटलं मीच बिघडलो. घरात एवढे महिने भांडणं झाली, त्यांनी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांना गोळीमुळे होतंय हे कळल्यावर जी मान वर झाली ती बघून धाकटा भाऊ पण गप्प झाला, घरी येऊन त्यांच्या पायाजवळ बसला.

गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलीय, कागदावर तारखा लिहून दिल्यात. थरथर थोडी वाढेल म्हणाले, आता वाढायलाही लागलीय, चालताना पाय अडकतो. आप्पा म्हणतात थरथर चालेल मला. बायकोने आईशी बोलून घेतलं, ताई तुम्ही लिहिलं होतं ते खरं निघालं, जास्त लिहीत नाही, पण तेही डॉक्टरांना सांगितलं.

आता पैशाचं कसं करू? मी सगळं माझ्या नावावर केलं तर त्यांना वाटेल पोराने हक्क काढून घेतला, आणि नाही केलं तर पुढची पट्टी येतेच आहे. आणि पोत सोडवायची ते त्यांना सांगू का नको?

जामनेरचा मास्तर

आमच्या वडिलांचं दारूचं होतं, आजार वेगळा पण पैशाचं हेच होतं. आम्ही त्यांना समोर बसवून विचारलं, तात्या तुम्हीच सांगा कसं करायचं. तेच म्हणाले, खातं माझं आणि तुझ्या आईचं एकत्र कर, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघायला नको. बँकेत तसं करून मिळतं. फोनवरून पैसे पाठवायची रोजची मर्यादा पण कमी करून घ्या. हक्क काढला असं वाटलंच नाही कारण ठरवलं त्यांनी. आणि आकडेवाल्याला भेटून तंबी वगैरे द्यायला जाऊ नका, भांडण घरावर येतं.

धुळ्याची डॉक्टर

मास्तरांनी सांगितलं तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणेही उपचाराचा निर्णय शक्यतो पेशंटचाच असतो, त्यामुळे आप्पांना प्रत्येक गोष्टीत घ्या. फक्त हे लेखी करा आणि 'गोळी उतरेपर्यंत' असं त्यात लिहा, म्हणजे कायमचं वाटणार नाही. बाहेर उधारी किती आहे तेही आत्ताच शांतपणे विचारून घ्या, पोतीशिवाय अजून कुठे असेल तर नंतर धक्का नको. पोत सोडवणार असाल तर त्यांना सांगून सोडवा, लपवून केलं तर त्यांना कळल्यावर जास्त लागेल.

आता पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं. घाम, घबराट, झोप उडणं, कशातच मन न लागणं, 'मला जुनीच गोळी द्या' म्हणून हट्ट, हे सुरू झालं तर उतरवण्याचा वेग कमी करावा लागतो, त्यासाठी पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. 'जगून काय करू' असं एकदा जरी बोलले तर त्यांना एकटं ठेवू नका, शेतातली फवारणीची औषधं कुलपात घाला आणि त्याच दिवशी डॉक्टर, नाहीतर १४४१६. कर्ज आणि शरम एकत्र आली की हा धोका असतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. आणि एक वही करा, किती वाजता गोळी घेतली, किती वाजता पाय अडकले, किती वाजता पत्त्यांची आठवण आली. आठवण आली हे आप्पांनीच सांगायचं, तुम्ही त्यांचा खिसा तपासून लिहायचं नाही. ती वही न्यूरोवाल्यांना फार कामाला येते, लेवोडोपाच्या वेळा त्यावरूनच बसवता येतात.

ओढ तरीही राहिली तर माझ्याकडे किंवा जळगावला कोणाकडेही समुपदेशनाला या, पार्किन्सनमधल्या जुगारावर बोलण्याच्या उपचाराचा फायदा अभ्यासात दिसलाय, नाल्ट्रेक्सोनचा विचार त्यानंतर.

अनेरकाठ, चोपडा तालुका

ठीक आहे ताई. वही आजच आणली, पहिल्या पानावर आप्पांनीच वेळ लिहिलीय, अक्षर बारीक आलंय पण वाचता येतं. फवारणीचं सगळं शेतातल्या खोलीतून काढून कुलपात घातलं. सोमवारी आप्पा, आई आणि मी बँकेत जातोय, दोन सह्यांचं करून घेतो. मास्तर, त्या फॉर्मचं काय नाव असतं ते माहीत असेल तर सांगा.

जामनेरचा मास्तर

नाव काही लक्षात ठेवू नका, खातं संयुक्त करायचंय आणि दोघांनी मिळून सही केली तरच पैसे निघावेत एवढं काउंटरवर सांगा, ते फॉर्म देतात. दोघांचे आधार, पॅन आणि फोटो न्या. जुनं एटीएम कार्ड आणि फोनवरचं पेमेंट पण त्याच दिवशी बंद करून घ्या, नाहीतर सही दोघांची आणि पैसे फोनवरून असं होतं.